घराला पायऱ्या किती?

आमच्या याकूबचाचांना कुणी सलाम करो, रामराम करो, उत्तर एकच: "घराला पायऱ्या किती?" माझ्या चुलतबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. पेढा तोंडात टाकून चाचा म्हणाले, "मुबारक हो! पोराच्या घराला पायऱ्या किती?"

आता तसा त्यांचा दोष नाही. बोर्लीत आम्ही गावकऱ्यांनी मिळून एक व्हॅन घेतली आहे. ज्यांना एसटीत चढता येत नाही त्यांना व्हीलचेअरसकट म्हसळ्याच्या दवाखान्यात न्यायचं नि आणायचं. गाडी मी चालवतो, आणि मला चाचा चालवतात. कुवेतला तेवीस वर्षं बसडेपोत गाड्या सोडलेला माणूस. आता घरी आला तरी रोज एक गाडी सोडल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

गाडीसाठी फोन आला की ते नाव विचारतच नाहीत. पायऱ्या, दाराची रुंदी, उंबरा आणि कुत्रा, बस्स. वहीतही माणसं तशीच: 'तीन पायऱ्या, दार अरुंद', 'उंबरा उंच, कुत्रा चावरा'. नवीन घर आलं की आधी स्वतः व्हीलचेअरमध्ये बसणार. "चल दिनेश, उतरव मला." अहो, चांगला भरभक्कम गडी! मी घामाघूम होऊन एकेक पायरी उतरतोय, खाली कुत्रा वाट बघतोय, आणि हे वरून ओरडतायत, "धक्का लागला रे! आजीचं हाड मोडलं असतं ना!" आणि आजी आत खाटेवर बसून पदरात हसतेय.

एका गोष्टीवरून मात्र आमचं वाजायचं. गाडीत दोन व्हीलचेअर बसतात. पण दर मंगळवारी चाचा एक जागा रिकामी ठेवायचे. "बुकिंग हाय." कुणाचं? "हाय एकाचं." येत तर कुणीच नव्हतं. शेवटी एकदा मी भडकलो. "ते 'उंबरा उंच'वाले नाना दोनदा जागा नाही म्हणून घरी राहिले, आणि आपण रिकामी जागा फिरवतोय?"

चाचांनी वही मिटली. मग म्हणाले, "चल घरी."

चाचांच्या घराचं जोतं गावात सगळ्यात उंच. कुवेतच्या कमाईचं घर. तेव्हा जोतं जेवढं उंच तेवढा माणूस मोठा समजत. पुढे संगमरवरी ओटा, त्याला अकरा उभ्या पायऱ्या. इतकी वर्षं चढलो, पण मोजल्या त्या दिवशी. वर खिडकीपाशी खदिजाचाची बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचं अर्धं अंग गेलं, तेव्हापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. मला वाटायचं, त्यांनाच आवडत नसेल.

"मंगळवारी म्हसळ्याला व्यायामाचे डॉक्टर येतात," चाचा म्हणाले. "हात हलेल म्हणतात. पण उचलून उतरवायला गेलं की ही घाबरून किंचाळते. ओटा तोडला तर उतार काढता येतो, मी मापं घेतलीत. ही तोडू देत न्हाय."

"कशी तोडू देऊ?" चाची म्हणाल्या. "तेवीस वर्षं हे माझ्यासमोर नव्हते. त्या वर्षांचं एवढंच हाय माझ्यापाशी."

इतके दिवस मी चाचांना नाही नाही ते बोललो होतो, त्याची लाज वाटली.

पुढच्या मंगळवारी चाचांनी ती जागा नानांना दिली. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मग एका सकाळी त्यांच्या गल्लीतून धाडधाड आवाज. धावत गेलो. गवंडी घण घालत होता, संगमरवराच्या ढिगात चाचा टेप घेऊन उभे, आणि खिडकीतून चाची नाकाला ओढणी लावून हुकूम सोडतायत, "अहो, डावीकडं राहिलं!"

"मानल्या कशा?" मी विचारलं.

"म्हटलं, तेवीस वर्षं तुझ्याशिवाय राहिलो. आता मंगळवारी तरी गाडीत शेजारी बस."

एवढं बोलून ते उगाचच टेप गुंडाळायला लागले. मग मीच विचारलं, "काय चाचा, घराला पायऱ्या किती?"

"एकबी न्हाय!" असं म्हणून त्यांनी वही माझ्या हातात दिली. मंगळवारच्या खेपेत दुसऱ्या जागेपुढे ना पायऱ्या होत्या, ना उंबरा. ठळक अक्षरात फक्त नाव होतं: खदिजा.