बाजार वाढला आणि अप्पा घाबरले

शेअर बाजार कोसळला की आमचे मन्मथअप्पा दुकानाच्या पायरीवरून मला हाक मारायचे, "सर, आज बाजार लई वाढला हो!" आणि चेहरा असा करायचे, की घरात कुणी आजारी असावं.

नव्या माणसाचा गोंधळ व्हायचा. उदगीरच्या आमच्या गल्लीला मात्र सवय होती. अप्पांचं बांगड्यांचं दुकान. त्या धंद्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळ वाढवतात, दुकानसुद्धा वाढवतात. अप्पांनी हा नियम साऱ्या जगाला लावला होता. त्यांचा चष्मा वाढायचा, एसटी वाटेत वाढायची. एकदा ऐन टंचाईत त्यांनी "पाइपलाइन वाढली!" अशी आरोळी दिली. बायका घागरी घेऊन आनंदानं धावल्या. जाऊन बघतात तर पाइप फुटलेला आणि सगळं पाणी नालीत. त्या दिवशी बायकांनी अप्पांना जे ऐकवलं, त्यात शुभ शब्द एकही नव्हता.

मी मुखेडकडच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर. इथल्या कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा चपला झिजलेल्या आणि अंगावर भावाचा शर्ट. तशा अवतारात मला 'सर' म्हणणारा पहिला माणूस म्हणजे अप्पा. त्या एका शब्दाचे उपकार मी विसरलेलो नाही. त्यामुळे रोज त्यांना बाजार समजावून सांगणं ओघानंच आलं.

अप्पांना मूलबाळ नव्हतं. म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडं बघायची पाळी येऊ नये, म्हणून त्यांच्या पत्नीनं, गंगाअव्वांनी, म्युच्युअल फंडात दरमहा थोडे पैसे घालायला सुरुवात करून दिली होती. पुढं त्या वारल्या. हप्ता चालू राहिला. अप्पा त्याला 'हिची भिशी' म्हणायचे.

पण अप्पांना पैसे गुंतवून गप्प बसा म्हणणं म्हणजे चुलीवरच्या दुधाला उतू जाऊ नको म्हणून सांगणं. दिवसातून कितीदा तरी ते समोरच्या टीव्हीच्या दुकानात जाऊन उभे राहायचे.

"सर, आज समदं लाल काऊन दिसून राहिलं?"

"पडलाय ना, म्हणून."

"कुंकवाचा रंग वाईट कधीपासून झाला?"

बसले तरी पाय हलायचा, उठले तर खांद्यावरचा टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर. फक्त एखाद्या बाईचा हात हातात आला, की हा माणूस दिव्याच्या ज्योतीसारखा स्थिर. हात कितीही राठ असो, बांगडी जराही न दुखवता वर सरकायची. "निधान अव्वा, निधान," म्हणायचे. निधान म्हणजे कानडीत सावकाश. भिशीच्या बाबतीत हा शब्द त्यांना कधी सुचला नाही.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. लग्नं पुढं ढकलली गेली, हिरव्या चुड्यांचे डबे तसेच बांधलेले राहिले. गल्लीत बायका जमायच्या त्या टँकरसाठी. तिकडं बाजारही रोज खाली. आणि अशातच आवई उठली, की उदगीर जिल्हा होणार. झालं! पेरणी न झालेल्या रानांत चुना लावलेले दगड उभे राहिले. प्रत्येक प्लॉटवर पाटी, 'नियोजित कलेक्टर ऑफिसजवळ'. ऑफिस कुठं होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं सगळेच प्लॉट जवळ.

लातूरहून अप्पांचा पुतण्या बसवराज आला. "काका, ती भिशी काढा. मी भर घालतो, मिळून प्लॉट घेऊ. जिल्हा झाला की बांधू. वर आम्ही, खाली तुम्हाला खोली. एकटं किती दिवस राहणार?"

प्लॉट, जिल्हा, भाव यातलं अप्पांच्या कानात काहीच शिरलं नाही. खोली तेवढी शिरली.

मी म्हणालो, "अप्पा, पडत्या बाजारात विकू नका. थोडं थांबा."

"सर, आजारी पडलो तर तुमचा बाजार मला तांब्याभर पाणी देणार हाय का?"

मी कॉलेजला गेलो आणि अप्पांनी फंडाचं काम बघणाऱ्या मृदुला मॅडमना फोन लावला. मॅडम राहायला लातूरला, पण जन्म मुंबईतला. त्यांच्यात काय बोलणं झालं, ते नंतर मॅडमनीच मला सांगितलं.

"मॅडम, भिशी वाढवायची हाय."

"या बाजारात? शाब्बास काका! इथं सगळे घाबरलेत."

"मी बी घाबरलोच की. म्हणून तर वाढवून टाका म्हणलं."

"किती वाढवू?"

"किती म्हंजे? समदीच वाढवा. आजच."

"दुप्पट करू?"

दुप्पट मिळतात म्हटल्यावर अप्पा हरखले. "करा की बाई, लवकर करा!" मोबाइलवर आलेला नंबरही त्यांनी खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

पुढच्या महिन्यात बसवराज पैसे न्यायला आला, तेव्हा खात्यात काही जमा नव्हतं. उलट दुप्पट हप्ता गेला होता.

"काका, तुम्हाला मोडा म्हणलं होतं!"

"मग वाढवलीच की."

"अहो, सरळ मोडा म्हणायला काय झालं होतं?"

"तिची भिशी हाय ती," अप्पा एकदम लहान आवाजात म्हणाले. "मोडा कसं म्हणू?"

बसवराज चहा अर्धा टाकून निघून गेला.

मी अप्पांना म्हणालो, "मॅडमना मी सांगतो. स्पष्ट, 'विका' म्हणून. अजून काही बिघडलेलं नाही. खोली पाहिजे ना तुम्हाला?"

अप्पा बांगड्यांच्या कपाटाची पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिले. मग म्हणाले, "जरा थांबा. बसूला फोन लावतो."

फोन लागला.

"बसू, पैशाचं जरा राहू दे. दुकानाला तसं बी गिऱ्हाईक न्हाई. म्हणलं, चार दिस तुझ्याकडंच येऊन ऱ्हावं. उगंच आपलं."

पलीकडून काय उत्तर आलं, ते मला ऐकू आलं नाही. अप्पा मान हलवत होते. "हाव... हाव. तिकडं बी पाण्याची लई टंचाई हाय, खरंय. एक माणूस वाढला की पाणी लागतंयच. न्हाई न्हाई, राग कशाचा? लेकरांना सांभाळ."

फोन ठेवून ते पायरीवर बसले. हातात कुणा बाईचा हात नसताना त्यांचा पाय स्थिर राहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"सर, विकायचं राहू द्या. हप्ता पहिल्याइतका करायला सांगा, तेवढा जमतो. आणि मॅडमना म्हणावं, बाजारात काही झालं न्हाई तरी अधनंमधनं फोन करत जा."

मी मॅडमना फोन लावला, हप्त्याचं सांगितलं आणि फोन अप्पांच्या हातात दिला. पलीकडून मॅडम घाईघाईनं समजावू लागल्या, काका घाबरू नका, चढउतार चालायचेच, धीर धरा.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते चालू द्या मॅडम. तुमचं जेवण झालं का?"