सायबीण सांगत होती

मे महिन्यात आमच्या फिलू मावशीची गाठ पडली, तर स्वतःबद्दल चार कडू शब्द ऐकायची तयारी ठेवा. ते शब्द मावशी आपले म्हणून कधीच सांगत नाही. ती चष्मा नाकावर सारखा करते, आवाज जरा खाली आणते आणि म्हणते, "सायबीण सांगत होती." मग पुढे काय वाटेल ते येतं. सायबीण सांगत होती, तुमचा पंखा रात्रभर कुरकुरतो. सायबीण सांगत होती, तुमची सून प्रार्थनेला बसल्या बसल्या मोबाईल बघते. माझ्याबद्दल तर एका वर्षी सायबीण म्हणाली होती की, हिच्या चण्यात मीठ नाही आणि बोलण्यात साखर नाही.

सायबीण म्हणजे आमची मरियामाता. रत्नागिरीत आम्ही ख्रिस्ती लोक तसे मूठभर. मे हा मरियेचा महिना, म्हणून चर्चमधली तिची हातभर उंचीची मूर्ती महिनाभर घरोघर पाहुणी जाते. संध्याकाळी सगळ्यांनी त्या घरी जमायचं, जपमाळेची प्रार्थना म्हणायची, त्या प्रार्थनेला आम्ही तेर्स म्हणतो. मग गाणी, मग उकडलेले चणे, खोबऱ्याच्या कातळ्या, कोकम सरबत आणि गप्पा. सायबीण रात्री तिथेच मुक्काम करते आणि दुसऱ्या संध्याकाळी पुढच्या घरी निघते. तिला न्यायचं-आणायचं काम फिलू मावशीकडे कोणी दिलं, ते कोणालाच आठवत नाही. मी लग्न होऊन तिच्या शेजारी राहायला आले तेव्हाही ते तिच्याकडेच होतं. ते काढून घ्यायची अजून कोणाची छाती झालेली नाही.

मावशीची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. मुंबईचा ट्रंक कॉल लावायचा, तर आधी मावशीच्या आवाजातून जावं लागायचं. इकडचं बोलणं तिकडे जोडून द्यायची जी सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. ऑपरेटरने मधेच बोलू नये असा नियम होता म्हणे. तो बहुतेक मावशी रुजू व्हायच्या आधीच रद्द झाला असावा.

सायबीण येणार असेल त्या घराची मावशी सकाळीच पाहणी करून येते. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला मुलाकडचे लोक इतकं निरखून बघत नाहीत. मूर्ती कुठे ठेवणार, वारा कुठून येतो, शेजारी फ्रिज आहे का, असले प्रश्न. पावसला आमच्यातलं एक घर आंबा बागायतदारांचं आहे. मे महिन्यात त्यांच्या पडवीपासून स्वयंपाकघरापर्यंत नुसत्या पेट्या आणि गवतात घातलेला हापूस. मावशीने फळ्या लावून सायबिणीसाठी जागा करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी निघताना म्हणाली, "सायबीण सांगत होती, आंब्याच्या वासानं झोप नाय लागली." त्या भल्या माणसाने मुकाट्याने दोन डझन आंबे रिक्षात ठेवले. सायबिणीला आंबे चालतात की नाही हे कोणी विचारलं नाही. मावशीला चालतात.

रिक्षा सलीमची. मावशी मागच्या सीटवर मूर्ती मांडीवर घेऊन बसते, आणि आम्ही सगळे तेर्स म्हणत मागून चालतो; पावससारख्या लांबच्या घरी एसटीने जातो आणि शेवटचा टप्पा तेवढा चालतो. सलीमने माणसाच्या चालीने रिक्षा चालवायची असा हुकूम आहे. खड्डा आला की मावशी खांद्यावर टपली मारते. आता सलीमला आमची निम्मी गाणी पाठ झाली आहेत, आणि मावशी चुकीचं कडवं उचलते तेव्हा तो आरशातून तिच्याकडे बघतो.

घर आलं की खरा सोहळा. मावशी मूर्ती घेऊन फाटकात उभी राहते आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "सायबीण आली. घरात कोण हाय?" घरच्या माणसांनी पेटवलेल्या मेणबत्त्या घेऊन दारात उभं राहायचं आणि उत्तर द्यायचं, "आम्ही हाव. घर तिचंच हाय." मगच ती पायरी चढते. याला माफी नाही. एका वर्षी रॉबर्टभाऊंकडे सायबीण पोचली तर दाराला कुलूप. घरची मंडळी मिरकरवाड्याला मासळी आणायला गेलेली. बोटी उशिरा लागल्या, त्याला ते काय करणार. पाच-दहा मिनिटांत धावत आले बिचारे, हातात सुरमईची पिशवी. कुलूप काढून "या, या" म्हणायला लागले. मावशी ढिम्म.

"तुम्ही आत जा, हातपाय धुवा, मेणबत्ती पेटवा, दारात या. मग मी विचारतंय."

"अगो मावशी, आम्ही समोरच तर हाव."

"ज्या दारात उभं राहायला माणूस नाय, त्या घरात सायबीण पाऊल टाकत नाय."

आम्ही सगळे घामाने निथळत रस्त्यावर उभे. रॉबर्टभाऊंच्या बायकोने तोंड धुतलं, केस विंचरले, मेणबत्ती शोधली, ती सापडली तर काडेपेटी सापडेना. आमचं अर्धं तेर्स फाटकातच झालं. त्या दिवशी मी मनातल्या मनात मावशीला जे काही बोलले, ते मला पापनिवेदनात सांगावं लागलं. तो मावशीचा नियम तेव्हा मला नुसता हेकटपणा वाटला होता.

यंदा आमच्याकडे नवीन फादर आले. तरुण, देशावरचे, "काय म्हणतंय चर्च?" असं विचारणारे. त्यांनी मुलांचं उन्हाळी शिबिर जोरात करायचं ठरवलं आणि मी शाळेत शिकवते म्हणून ते माझ्या गळ्यात घातलं. रोज सकाळी चर्चच्या हॉलमध्ये मुलं जमायची. हातवारे करून गाणी, बायबलमधल्या गोष्टी, पुठ्ठ्याचं नोहाचं तारू. तारवात जनावरांपेक्षा डिंक जास्त. मावशीला कोणी बोलावलं नव्हतं, म्हणून ती पहिल्याच दिवशी हजर झाली. सरबताची बरणी टेबलावर ठेवून म्हणाली, "ही पोरं सायबिणीला उत्तर कसं देतात तेवढं मी बघतंय."

मग रोज मधल्या सुट्टीनंतर मावशीचा तास. ती हॉलच्या दाराबाहेर जायची आणि तिथून ओरडायची, "सायबीण आली. घरात कोण हाय?" आतून मुलांनी उत्तर द्यायचं. ते कधीच तिच्या मनासारखं यायचं नाही.

"हे काय, ताप आलाय तुम्हाला? परत."

"मावशी, सायबिणीला हळू बोललेलं ऐकू येत नाही का?" एका मुलीने विचारलं.

"तिला येतं. मला नाय येत. परत."

मुलं घरी जाऊन आयांना सांगायची की, आज मावशी आम्हाला ओरडली. ज्यांना ओरडली नाही ती तोंड पाडून जायची. सरबत प्यायला मात्र सगळी तिच्याच भोवती.

महिना संपत आला होता. शेवटच्या आठवड्यात जयगडच्या बंदरावर नोकरी करणाऱ्या एका कुटुंबाची पाळी होती. ते इथे शहरातच राहतात. त्यांच्या घरी मुंबईत कोणी तरी आजारी पडलं आणि ते आदल्या दिवशी निघून गेले. एक संध्याकाळ मोकळी पडली. बाकीच्या सगळ्या घरी सायबीण जाऊन आलेली किंवा जायची ठरलेली. शिबिर संपल्यावर हॉलमध्ये फादर, मावशी आणि मी असा विचार करत बसलो होतो. मी खुर्च्या एकावर एक चढवता चढवता सहज म्हणाले, "मग मावशी, तुझ्याकडेच नेऊ या की."

मावशी सरबताची बरणी पुसत होती. ती पुसतच राहिली.

"सायबीण दमलीय," ती म्हणाली. "सांगत होती, एक दिवस चर्चमध्येच आराम करते."

"तुझ्याकडे आराम नाही का होणार? शेजारी मी आहे, आवाजसुद्धा करत नाही."

"माझ्याकडे उकडतं."

"तुझ्याकडे समुद्राचा वारा येतो. सगळ्या आळीत तुझंच घर थंड."

"पायऱ्या जांभ्याच्या, झिजल्यात. कोण पडलं-बिडलं म्हणजे?"

फादर हसले. "मावशी, मी वाचतो ना यादी, त्यात तुमचं नाव दिसलं नाही. तुमच्याकडे कधी असते सायबीण?"

काही तरी चटकन उत्तर येईल म्हणून मी मावशीकडे बघत राहिले. आणि मग माझं मलाच लक्षात आलं. इतक्या वर्षांत मी सायबिणीमागून पावसला गेले, माळनाक्यावर गेले, मांडवीला गेले, पण आपल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या या घरी कधीच गेले नव्हते. माझ्याच काय, कोणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. मे महिना आला की जो तो आपल्या तारखेसाठी मावशीच्या मागे लागायचा, आणि मावशी त्याला सायबिणीचा निरोप सांगायची. तिची तारीख तिला कोणी विचारलीच नाही.

"कधीच नाय," मावशी म्हणाली. "कशी असणार? मूर्ती घेऊन मी फाटकात. दारात कोण उभं राहील?" एवढं बोलून तिने बरणी पिशवीत घातली. "एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, असं सायबीण करत नाय," म्हणाली आणि उन्हातून तरातरा निघून गेली.

मावशीने लग्न केलं नाही. भाऊ मुंबईला, त्यांची मुलं आणखी लांब, नाताळात फोन येतो. हे सगळं मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. त्या दुपारी मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. आम्हा सगळ्यांना रॉबर्टभाऊंच्या फाटकात उभं करणारा तो नियम तिने सगळ्यात कडक कोणाला लावला होता, ते कळलं. बरं, तिची समजूत घालायला जावं, तर सायबीण मधे येणार. म्हणून मी समजूत घालायच्या भानगडीत पडलेच नाही. मावशीच्या घराची एक किल्ली अडीअडचणीला म्हणून माझ्याकडे असते. मी फादरांशी बोलले, सलीमशी बोलले आणि दुसऱ्या दिवशी शिबिरात मुलांना सांगितलं की, आज संध्याकाळी आपण सगळे मावशीच्या घरची माणसं.

"पण टीचर, आम्ही तिचे कोण?" एकाने शंका काढली.

माझ्या आधी मागून कोणी तरी उत्तर दिलं, "ती रोज ओरडते ना आपल्याला? मग घरचीच की."

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे मावशी आदल्या घरातून मूर्ती घेऊन रिक्षात बसली. चर्चकडे वळायच्या ठिकाणी सलीम वळला नाही. मावशीने खांद्यावर टपली मारली. "अरे, वाट चुकलास."

"नाय चुकलो," सलीम म्हणाला. मागे फादर आणि सगळी मंडळी तेर्स म्हणत चालतच राहिली. मांडीवर सायबीण, त्यामुळे मावशीला उतरताही येईना. हे सगळं मला नंतर सलीमने रंगवून सांगितलं. मी तेव्हा मावशीच्या घरात मुलांना रांगेत उभी करत होते. एकाचे केस दुसऱ्याच्या मेणबत्तीपासून वाचवत होते. मावशीच्या बैठकीच्या खोलीत एकच खुर्ची होती. कोपऱ्यातला छोटासा देव्हारा मात्र असा लखलखीत पुसलेला, फुलं ताजी, आणि मधली जागा मोकळी. मूर्तीच्या बुडाएवढी, बरोबर.

रिक्षा फाटकाशी थांबली. मावशी उतरली. आपल्याच घराचं दार उघडं, आत उजेड आणि उंबरठ्यापासून पायऱ्यांपर्यंत मुलंच मुलं बघून ती जागच्या जागी उभी राहिली. मुलं वाट बघत होती. मागची मंडळी वाट बघत होती. ज्या बाईचा आवाज मुंबईपर्यंत तारेशिवाय गेला असता, तिने मूर्ती छातीशी घट्ट धरली.

"मावशी," सलीम हळूच म्हणाला, "विचार ना."

"सायबीण आली," मावशी म्हणाली. मग अगदी बारीक आवाजात, कोणाच्या तरी घरी पहिल्यांदाच गेल्यासारखं तिने विचारलं, "घरात कोण हाय?"

"आम्ही हाव," मुलं अशी ओरडली की पलीकडच्या माडावरचे कावळे उठले. "घर तिचंच हाय."

मावशीने कधी नव्हे ते "परत" म्हटलं नाही. ती पायऱ्या चढली. मूर्ती देव्हाऱ्यात ठेवताना फादरांनी खालून हात लावला. तेर्स झालं, चणे झाले. चणे मी केले होते आणि मीठ मोजून घातलं होतं. मुलांनी एकुलत्या एका खुर्चीत मावशीला बसवलं आणि तिच्या पायाशी दाटीवाटीने बसून गाणी म्हटली. मावशीने एकही गाणं सुधारलं नाही. ती नुसती दाराकडे आणि मुलांकडे बघत होती.

सकाळी मी केर काढत होते तेव्हा ती कुंपणाशी आली.

"तुझी मेणबत्ती वाकडी होती," ती म्हणाली. "अंगणात मेण सांडलंय."

"सायबीण सांगत होती वाटतं?"

"नाय. हे मी सांगतंय."

"मग सायबीण काय म्हणाली रात्री? आवडलं का तिला तुझं घर?"

मावशीने चष्मा काढला, झग्याच्या टोकाला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"ती कशी बोलणार," ती म्हणाली. "रात्रभर मीच बोलत होते. ती बिचारी ऐकत बसली."