सडकेवरची घागर

“सूनबाई, वाटसरूला पाणी पाजल्याबगार आपल्या तोंडाला पाणी लावायचं न्हाई,” असं सासूबाई जाताना सांगून गेल्या. मी ‘व्हय’ म्हटलं. तेव्हापासून ते व्रत चालू आहे.

जी वस्तू लांबून दिसते तिच्यामुळे गावाची उन्नती होते. विहीर लांबून दिसत नाही. (जवळ गेल्यावरही वाकावं लागतं.) म्हणून आमची ढासळलेली विहीर बांधायला सरकारातून सिमेंट आलं, तेव्हा पंचांनी दूरदृष्टीनं विचार केला आणि चाकणच्या अलीकडे, नाशिक सडकेला, सिमेंटची भव्य घागर उभी केली.

चांदभाई गवंड्यानं तेवढी एक शंका काढली. “दौलतराव, हिच्यात पाणी कुठनं भरायचं?”

“येड्या, ही बघायची घागर हाय,” सरपंच दौलतराव म्हणाले. “भरायची घागर घरोघर हायेच की!”

हे मात्र खरं होतं.

घागरीनं गावाचं कल्याणच केलं. पुण्याच्या मोटारी थांबू लागल्या. नवी जोडपी तिला हळद-कुंकू लावून प्रदक्षिणा घालतात. पाणीटंचाई समितीची बैठक तिच्याच सावलीत भरते. (आत भरत नाही, आत उकडतं.) येणारा प्रत्येकजण तिची उंची विचारतो. विहिरीची खोली विचारणारा अजून यायचा आहे.

माझ्या व्रताचं तर सोनं झालं. पूर्वी दुपार टळली तरी वाटसरू फिरकायचा नाही आणि पंचांगात नसलेली निर्जळी एकादशी मला घडायची. आता उजाडायच्या आत दारात रांग असते, कारण घागर बघून माणसाला तहान लागते आणि सडकेला पहिलं घर माझं. रांग संपेपर्यंत माझी भरायची घागर रिकामी होते आणि माझी एकादशी पुन्हा घडते. फरक इतकाच, की आता पुण्य भरपूर साठतं.

आज दुपारी खुद्द दौलतराव आले. घागरीपाशी पाहुण्यांसमोर ‘पाणी हेच जीवन’ यावर बोलून त्यांचा घसा बसला होता.

“वहिनी, घोटभर पाणी द्या.”

“संपलं, भावजी. नदीवरनं आणते.”

“आणा की. सावकाश या. मी हितं सावलीत बसतो.”

सासूबाई ‘वाटसरू’ म्हणाल्या होत्या. गावचा सरपंच वाटसरूत मोडतो का, हे विचारायला त्या आता नाहीत. तहानलेला माणूस दारातून परत जाऊ नये, एवढंच मला त्यातलं कळतं. बाहेर दोन मोटारी आणखी थांबल्या आहेत.

तुम्हीही एकदा येऊन बघाच. घागर किती उंच आहे, हे मघापासून तुमच्या मनात आलंच असेल. प्यायला पाणी बरोबर आणायचं मात्र तुमच्या मनात येणार नाही. नाही आणलं तरी चालेल. सडकेला पहिलं घर माझं. मी घागर घेऊन निघालेच आहे.