सतरा नंबर, बटाट्याचं सॅलड

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यातला पहिला डाव संघाला सांगायला एमरी कोलने मनगटावरच्या पट्टीचं झाकण उघडलं. डावांची यादी तिथे नव्हतीच. तिथे लिहिलं होतं, '१ – मिसेस प्रुइट, भरलेली अंडी. २ – टिली बकनर, भोपळ्याचा केक.'

येत्या रविवारी चर्चमध्ये सगळ्या गावाचं जेवण होतं. कोणी काय करून आणायचं त्याची यादी आणि शुक्रवारच्या सामन्याचे डाव, दोन्ही कोच बड हॅस्केलच्या बायकोने, लॉरेटाबाईंनी, एकाच दुपारी छापून प्लास्टिकमध्ये घातले होते. अदलाबदल कुठे झाली हे सांगायला ज्योतिषी नको.

"सतरा!" सीमारेषेवरून कोचनी डावाचा नंबर गर्जून सांगितला.

सतरावर होतं, 'डॉर्कस आजी, बटाट्याचं सॅलड.'

कोचना जाऊन सांगायची सोय नव्हती. पट्टी न तपासता मैदानात उतरणाऱ्याने थेट बाकावर बसायचं, हा त्यांचा नियम होता. या मोसमातले आधीचे दोन क्वार्टरबॅक, म्हणजे डाव सांगून चेंडू फेकणारे खेळाडू, असेच गेले होते. एक आता शाळेच्या बँडमध्ये ट्राँबोन फुंकत होता, दुसरा पॉपकॉर्न विकत होता. एमरी तिसरा. आणि त्याला या खेळाशिवाय जगात दुसरं काही सुचत नव्हतं.

खरं तर त्याचा हात सोन्यासारखा होता. पण कोच म्हणायचे, "कोपर वर!" त्यांचे मदतनीस रस्टी म्हणायचे, "कोपर खाली!" आणि गावचे दंतवैद्य डॉ. प्रुइट, जे तीस वर्षांपूर्वी दीड मोसम खेळले होते, ते दात तपासता तपासता सांगायचे, "कोपराचं सोड, पाय बघ." एक ना धड भाराभर चिंध्या! शेवटी चेंडू सुटायचा तो थेट ट्राँबोनवाल्याच्या डोक्यावर.

"काय आहे सतरा?" घोळक्यात ओटिसने विचारलं.

"बटाट्याचं सॅलड."

"हा कधी शिकवला?"

"ओटिस, तू सरळ पळ. मी फेकतो."

"कुठपर्यंत?"

"पळ ना रे बाबा!"

घाबरलेल्या एमरीला कोपर आठवलं नाही की पाय. त्याने नुसता फेकला. चेंडू साठ यार्ड तरंगत गेला आणि ओटिसच्या ओंजळीत अलगद बसला. सगळं मैदान उभं राहिलं.

कोचनी सांगितलेला डाव होता गर्दीतून मुसंडी मारायचा. ते आ वासून उभे होते, तेवढ्यात डॉ. प्रुइटनी त्यांच्या पाठीत थाप मारली. "बड, लेका, काय डाव काढलास!"

"उन्हाळाभर घोटून घेतलाय," कोच म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा!

मध्यंतरात त्यांनी एमरीला बाजूला घेतलं. "मी सतरा म्हटलं होतं."

"हो, कोच."

"आणि तू सतराच खेळलास?"

"यादीत होतं तेच सांगितलं, कोच. पोरांना विचारा."

कोचनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा टाळ्या वाजवणाऱ्या गावाकडे. "मग असंच चालू दे," ते म्हणाले. पाच वर्षांत पहिल्यांदाच शाळा जिंकली, तीही पस्तीस-सातने.

रविवारी चर्चच्या फळ्यावर डावांची यादी झळकत होती आणि तिच्यासमोर डॉर्कस आजी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "लॉरेटा, माझा नंबर सतरा. इथं लिहिलंय, 'मधून घुस, डोकं खाली.' मी आणायचं तरी काय होतं गं?"

कोणालाच कळलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी आपलं बटाट्याचं सॅलड आणलं होतं. टेबलावर एकवीस भांडी होती. कोचनी फळ्यावरच्या सतराव्या ओळीवर बोट ठेवलं, मग हळूहळू वळले. गेलं आपलं मैदान, आता ट्राँबोन शिकायला लागणार, असं वाटून एमरीला रडूच यायला लागलं. पण कोचनी आणखी थोडं सॅलड वाढून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी एमरीने घाबरत घाबरत पट्टी उघडली. आत तीच जेवणाची यादी होती. खाली कोचच्या वाकड्या अक्षरात एक ओळ वाढली होती, '२२ – बड हॅस्केल. काही आणणार नाही. तोंडही उघडणार नाही.'

एमरीने वर पाहिलं. सीमारेषेवर कोच दोन्ही हातांची दोन-दोन बोटं, म्हणजे बावीस, उंच धरून उभे होते, ओठ घट्ट मिटून.