अर्ध्या टक्क्याची चूक

धाकटीच्या प्रबंधात चूक सापडत नव्हती, आणि काळजी करायची ती त्याचीच, हे तिला फार उशिरा कळलं.

तीन बहिणींतली शेवटची म्हणून ती धाकटी. वीजप्रणालीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं दुसरं वर्ष संपत आलं तरी घरात नाव तेच. शहराबाहेरच्या सबस्टेशनवर उद्या कुठल्या तासाला विजेचा किती लोड येईल, हे आजच सांगणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. त्यासाठी तिथल्या ऑपरेटरकाकांच्या तीन वर्षांच्या नोंदवह्या तिने एकेक आकडा करत संगणकात भरल्या होत्या. भलेभले विद्वान तीन टक्के चुकत; धाकटी अर्धाच टक्का चुकली. गाइडसरांना दीड वर्ष तिचं नावही धड आठवत नव्हतं, पण हा आकडा बघितल्यावर शोधनिबंधावर स्वतःचं नाव सगळ्यात वर घालण्याइतका जिव्हाळा त्यांना वाटू लागला.

तोंडी परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि बाहेरच्या परीक्षकांनी चालू महिन्याचे आकडेही ताडून आणायला सांगितलं. परीक्षक वीज कंपनीतले बडे साहेब. त्याच कंपनीचं नोकरीचं पत्र, पदवीच्या अटीवर, धाकटीच्या कपाटात वाट बघत पडलं होतं. ती हसतमुखाने सबस्टेशनवर गेली. काका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. त्यांच्या जागी आलेल्या बदली ऑपरेटरला एक वाईट खोड होती. तो लिहिण्याआधी मीटर बघायचा.

चूक अठ्ठावीस टक्के आली.

धाकटीने प्रोग्राम तीनदा उलटापालटा करून पाहिला. गाइडसरांनी न बघताच निकाल दिला, की तो नवशिका आहे, त्याला मीटर वाचता येत नसणार, त्याचे आकडे सरळ वगळावेत. धाकटीला ते पचेना. ती थोडी फळं घेऊन काकांच्या घरी गेली.

काका पाय उशीवर टाकून बसले होते. तिने विचारल्यावर त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"ताई, मीटर खोलीच्या त्या टोकाला, खुर्ची या टोकाला. आणि गुडघा हा असा. बावीस वर्षं बसलोय तिथं, लोड मला तोंडपाठ आहे. सोमवारी बसतो नि आठवडा लिहून टाकतो."

"पुढचा आठवडा?"

"मग मागचा लिहून काय उपयोग?"

धाकटीच्या पायाखालची जमीन सरकली. दोन वर्षं तिने मांडलेली समीकरणं विजेची नव्हतीच. ती काकांच्या स्वभावाची होती, आणि तेवढी मात्र अचूक.

घरी येऊन तिने ते नोकरीचं पत्र एकदा वाचून घेतलं, आणि तोंडी परीक्षेत जे खरं होतं ते सांगून टाकलं. वर एक शिफारसही जोडली, की खुर्ची मीटरजवळ न्यावी. गाइडसर पंख्याची पाती मोजत बसले. साहेबांनी चहा ढवळून कप उचलला.

"म्हणजे तुमचा प्रोग्राम असला, तर मीटर बघायची गरजच नाही?"

"नाही सर, मी नेमकं उलटं सांगतेय."

"विनय चांगला गुण आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली. खुर्चीची शिफारस प्रबंधाच्या कक्षेबाहेरची ठरून कापली गेली.

पदवी मिळाली, नोकरी मिळाली, आणि पहिलं काम मिळालं ते हाच प्रोग्राम सबस्टेशनवर बसवण्याचं. संगणक ठेवला गेला काकांच्या खुर्चीशेजारी. काका रजेवरून परतले. पडद्यावर आकडा दिसे, तो ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवत. महिनाअखेरच्या अहवालात अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फरक आला शून्य. धाकटीला अभिनंदनाचं पत्र आलं.

ते वाचून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तडक सबस्टेशनवर गेली, काकांना उठवलं आणि खुर्ची स्वतः ओढत मीटरपाशी नेली. काकांनी तिच्या शब्दाचा मान राखला. लंगडत जाऊन बसले, चष्मा लावला, काट्याकडे बघितलं. मग वहीकडे. मग पुन्हा काट्याकडे.

"बरं झालं ताई, दाखवलंत ते," ते गंभीरपणे म्हणाले. "हे मीटर बदलायला सांगा. तुमच्या आकड्याशी अजिबात जुळत नाही."