वासू सरांचे वाचपी

वासू सर वर्गात पिशवीभर नारळ घेऊन येत. नारळांना काथ्याची लांबच लांब दोरी गुंडाळायची आणि शेंड्यांना मधूनमधून कुंकवाचं बोट लावायचं, हा त्यांचा बारावीचा जीवशास्त्राचा तास. पहिल्या बाकावरच्या पोरी सवयीनं हात जोडत. "नमस्कार नको," सर म्हणत, "नारळ म्हणजे प्रथिनं, दोरी म्हणजे डीएनए. दोरीवर जनुकांचा मजकूर आहे. तो उघडायचा कुठं, ते शेंडीवरची खूण सांगते. पण खूण वाचणार कोण?"

खूण वाचणाऱ्या प्रथिनांना ते कोकणीतलं नाव देत, वाचपी. वाचपी खुणेवर येऊन बसला की नक्कल करणाऱ्यांना बोलावतो, आणि तेवढा मजकूर आरएनएत उतरतो. नकलेतले काही तुकडे गाळून उरलेले जोडायचे असतात. कुठला ठेवायचा, कुठला गाळायचा, यातही काही वाचपी नाक खुपसतात. म्हणून एकाच जनुकातून वेगवेगळी प्रथिनं निघू शकतात. हे सगळं मला, म्हणजे डिचोलीच्या त्या शाळेतल्या गणिताच्या मास्तराला, पाठ झालं होतं. काय करणार, स्टाफरूममध्ये आमची खुर्ची शेजारी.

तिथंही सुटका नव्हती. हेडमास्तरांच्या एका सूचनेचे दोघांनी दोन अर्थ काढले की सर खूश. "मजकूर तोच हो, वाचपी वेगळे!" बेकरीवाल्या पोदेराचा पाव एके दिवशी कडक निघाला तरी हेच. माणूस भला, पण डोकं खायचा.

या वेडाचं मूळ हळर्णच्या त्यांच्या घरात होतं. सरांना दासू नावाचा जुळा भाऊ. चेहरा, चाल, हसणं, सगळं एक. गोव्याची राजभाषा कुठली, या आंदोलनात सर मराठीकडे गेले, दासू कोकणीकडे. एकाच व्हरांड्यात दोन बाजूंच्या घोषणा! शेवटी दासू मुळगावला राहायला गेला आणि त्यानं चवथीचा गणपती वेगळा केला. आमच्याकडे गणपती वेगळा झाला म्हणजे घर तुटलं, त्यानंतर बोलणं उरत नाही. गोवा राज्य होऊन बरीच वर्षं लोटली, भांडणारे पुढारी एका पंगतीला बसू लागले, या दोघांचा अबोला मात्र सुटला नाही. जुळ्यांत मजकूर एकच, पण वयाबरोबर खुणा बदलतात, असं सर वर्गात शिकवायचे. हा एवढा भाग ते पोरांकडे न बघता शिकवत.

एका रविवारी मुळगावच्या चहाच्या दुकानात सर दिसले. दुकानदार त्यांना 'दासूबाब' म्हणत होता आणि हे निमूट मान डोलावत होते. पोरीचं लग्न ठरलं ते बरं झालं, गुडघा आता कसा आहे, असं तो विचारत होता. मी समोर बसलो तसे सर ओशाळले. मग हळूच म्हणाले, "अधूनमधून येतो. लोक मला तो समजून बोलतात. त्याचं काय चाललंय ते कळतं."

मला वाईट वाटलं. आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. आदल्या रविवारी मी हळर्णला सासुरवाडीला गेलो होतो. देवळाच्या पायरीवर सर बसलेले पाहून मी विचारलं होतं, खोकला कमी झाला का. त्यावर ते घाबरून म्हणाले होते, कधीपासून आहे, डॉक्टरला दाखवला का. स्वतःचाच खोकला मला काय विचारतात, म्हणून मी घरी येऊन हसलोही होतो.

हे मी सरांना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मी गेल्या रविवारी घराबाहेर पडलोच नाही," ते म्हणाले. "अंथरुणात होतो."

 मग उठले, सदरा नीट केला आणि दुकानदारापाशी गेले.

"दासूचं घर कुठलं?"

दुकानदार त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. "दासूबाब, तुमचें घर तुमकां खबर ना?"

"ना," सर म्हणाले. "वाट दाखव."