पाऊण तास पुढे

"चिमणे, ऊठ. सहा वाजले."

"कुणाचे?" पांघरुणातून आवाज आला.

घड्याळजींच्या घरी रोजची सकाळ अशी सुरू व्हायची. कोपऱ्यावरच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून त्यांनी तीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली होती. मुलीचं नाव चिमणी पडलं तेव्हा ती चार दिवसांची होती आणि उजाडायच्या आत चिवचिवायची. आता ती नववीत होती आणि हे नाव बदलायला हवं, हे घरातल्या दोघांनाही मान्य होतं.

बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या वेळी चिमणी एकदाही शाळेत उशिरा गेली नव्हती. ती चहा गाळता गाळता एक हाक मारायची, बस्स. घड्याळजी आठ हाका मारायचे, खिडकी उघडायचे, पांघरूण ओढायचे, आणि तरी वहीत दोन लाल शेरे पडले होते. तिसरा पडला की चिमणी शाळेच्या व्हॉलीबॉल संघातून बाहेर. पुढच्या आठवड्यात शनिवारी सामना होता. घरात आता चुकीचं घड्याळ एकही नव्हतं, तरी असं का व्हावं, ते घड्याळजींना कळत नव्हतं.

त्यातच शाळेच्या वेळेवरून पालकांची सभा झाली. निम्मे म्हणाले, "मुलांची झोप होत नाही, शाळा उशिरा भरवा." निम्मे म्हणाले, "आम्हाला कामावर जायचं असतं, लवकर भरवा." घड्याळजी सभेला होते, पण सभागृहातलं घड्याळ पावणेचारवर बंद पडलेलं त्यांना बघवेना. ते स्टूल घेऊन वर चढले. खाली उतरले तेव्हा घड्याळ चालू होतं आणि सभा संपली होती.

शनिवारी नोटीस आली. 'सोमवारपासून शाळेची वेळ पाऊण तास पुढे करण्यात आली आहे.'

ही नोटीस वाचून दोन्ही बाजूंच्या पालकांना आपणच जिंकलो असं वाटलं.

"पावणेआठ!" चिमणी पलंगावर उडी मारत म्हणाली. "सातची पावणेआठ!"

"सव्वासहा," घड्याळजी म्हणाले.

"बाबा, पुढे म्हणजे उशिरा! सहल पुढे ढकलली तर आधी जाते का?"

"ढकलली असं कुठं लिहिलंय? केली लिहिलंय. हे बघ." त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि काटे फिरवले. "सव्वासहा वाजलेत. पाऊण तास पुढे केलं. किती झाले?"

"सात."

"झाली की नाही शाळेची वेळ?"

"बाबा, ते घड्याळ झालं. ही शाळा आहे!"

"आणि 'आज सुट्टी आहे' म्हणून कोण झोपलं होतं परवा? दुसरा शेरा कशाचा होता?"

चिमणी पलंगावरून खाली उतरली. खात्री करायला घड्याळजींनी शाळेच्या कारकुनाला फोन लावला.

"साहेब, पुढे म्हणजे अलीकडे की पलीकडे?"

"नोटिशीत काय लिहिलंय?"

"पुढे."

"मग पुढे."

"पण पुढे म्हणजे?"

"पुढे म्हणजे पुढे. ठेवतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

सोमवारी सहाला पाच मिनिटं कमी असताना घड्याळजी शाळेच्या फाटकाशी उभे होते. शेजारी चिमणी उभी होती, पण डोळे मिटून. आवारातच राहणारा शिपाई तोंडात ब्रश धरून बाहेर आला.

"आत्ता कसली शाळा?"

"सव्वासहाची. नोटीस आहे."

शिपायाने नोटीस वाचली नव्हती, त्यामुळे त्याला ती पटली. त्याने फाटक उघडलं. "पोरगी उभ्या उभ्या पडेल. बस गं माझ्या खोलीत." चिमणी आत गेली आणि खुर्चीवर बसल्या बसल्या झोपली.

तोवर माणसं यायला लागली. बघता बघता निम्मी शाळा जमली. शिपाई घाबरला आणि त्याने घंटा दिली. मुलं वर्गात गेली. गणिताचे सर सवयीने सातला आले, भरलेले वर्ग पाहून धावतच आत शिरले आणि कुणी काही विचारायच्या आत शिकवायला लागले. चिमणी वर्गातच असणार म्हणून घड्याळजी निर्धास्त होते. सभागृहातलं घड्याळ चार मिनिटं मागे पडलेलं दिसलं, म्हणून ते पुन्हा स्टुलावर चढले.

पावणेआठच्या सुमाराला बाहेर एकच गलका झाला. उरलेली निम्मी शाळा आली होती.

"अहो, दोन तासिका होऊन गेल्या!"

"काय सांगता! शाळा आत्ता भरतेय!"

आवाजाने चिमणी जागी झाली आणि जांभई देत बाहेर आली. फाटकाशी टेबल टाकून कारकून उशिराची वही उघडून बसला होता. मुख्याध्यापिका बाई नुकत्याच आल्या होत्या.

"आठला दहा कमी," कारकून म्हणाला. "नाव?"

घड्याळजी स्टुलावरून उतरून धावत आले. "अहो, ती सगळ्यांच्या आधी आलीय!"

"खरंय," शिपाई म्हणाला. "माझ्याच खोलीत झोपली होती. मी उठवायला विसरलो."

"वर्गात नव्हती ना? सव्वासहा धरा नाहीतर पावणेआठ धरा, दोन्ही हिशोबांनी उशीर. अख्ख्या शाळेत अशी ही एकटीच." कारकुनाने लाल पेन उघडलं.

चिमणीची झोप आता पुरती उडाली. "बाई, शनिवारी सामना आहे..."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग कारकुनाकडे. "नोटीस कुणी लिहिली?"

"मी. सही तुमची."

"म्हणजे सव्वासहा धरले तर मला दीड तास उशीर झाला. आधी माझं नाव लिहा. त्याखाली तुमचं. मग हिचं."

कारकुनाने पेनाकडे बघितलं आणि टोपण लावलं. "शाई संपली वाटतं," तो म्हणाला.

दुपारपर्यंत नवी नोटीस लागली. 'शाळा पावणेआठला भरेल.' तिच्यात 'पुढे' हा शब्द नव्हता.

संध्याकाळी चिमणी स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली उभी राहून म्हणाली, "बाबा, आई मला कशी उठवायची माहितीये? हे घड्याळ पुढे ठेवायची."

"ते मला माहितीये. पण तुलाही माहीत होतं ना? मग उठायचीस कशाला?"

"पुढे आहे हे माहीत होतं. किती पुढे ते रोज वेगळं असायचं."

घड्याळजींनी मान वर करून घड्याळाकडे पाहिलं. दर रविवारी ते हे घड्याळ बरोबर लावायचे आणि दर सोमवारी ते पुढे असायचं. "घड्याळजीच्या घरात चुकीचं घड्याळ! लोक काय म्हणतील?" ते ओरडायचे. "लोक स्वयंपाकघरात येत नाहीत," बायको म्हणायची. ती गेल्यावर त्यांनी ते एकदा बरोबर लावलं. पुढचा रविवार आला तेव्हाही ते बरोबरच होतं. त्या दिवशी त्यांना त्या घड्याळाचा फार राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा गाळता गाळता एकच हाक मारली.

"किती वाजले?" पांघरुणातून आवाज आला.

"स्वयंपाकघरात येऊन बघ."

चिमणी डोळे चोळत आली, घड्याळ पाहून किंचाळली आणि अर्ध्या तासात दप्तर, बूट, वेणी सगळं उरकून दारात उभी राहिली. तिथे तिची नजर बापाच्या मनगटावर गेली.

"बाबा! किती पुढे केलंय ते?"

घड्याळजींनी चहाचा घोट घेतला.

"पुढे म्हणजे पुढे," ते म्हणाले.